ॲश, करवत आणि शनिवारची माणसं

आमच्या मागच्या बागेच्या टोकाला ॲश जातीचा एक वृक्ष होता. तो काढावा लागला आणि त्या निमित्ताने झाडांवर चढून पोट भरणाऱ्या माणसांची एक अख्खी बाजारपेठ बघायला मिळाली. तिचीच ही हकीकत.

लंडनच्या वायव्येला, पिनरच्या बाजूला आमचं घर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने ही उपनगरं भराभर उठली, त्यातलंच एक जोडघर. पुढे गाडीपुरती जागा आणि मागे लांबलचक, चिंचोळी बाग. घर घेतलं तेव्हा लेलँडाय या सदाहरित झाडांचं उंच कुंपण, एक म्हातारं सफरचंद आणि हा ॲश असा ऐवज आयता पदरात पडला. मी मूळची वेंगुर्ल्याची. माड आणि पोफळी बघत वाढलेली, त्यामुळे इथल्या झाडांची नावंसुद्धा शेजारच्या आजींनीच शिकवली. 'तुमच्या ॲशचं काही खरं नाही' हेही आधी त्याच म्हणाल्या.

शेंडा विरळ झाला होता. भर जुलैत वरच्या फांद्या बोडक्या आणि मधूनच पानांचे झुबके. खाली वाकलेली एक फांदी जवळ ओढून बघितली, तर डहाळी फुटते त्या जागी सालीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा तपकिरी, खोलगट डाग. ही 'ॲश डायबॅक' या बुरशीरोगाची खूण. पूर्व आशियातून युरोपात आलेली ही बुरशी ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून देशभरातले ॲश तिने पोखरत आणलेत. गळून पडलेल्या पानांच्या देठांवर ती वाढते आणि उन्हाळ्यात तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडांच्या पानांवर जाऊन बसतात. औषध नाही. काही झाडं तग धरतात, पण आमचं त्यातलं दिसत नव्हतं.

झाड माळावर असतं तर उभं वाळू दिलं असतं, पाखरांची तरी सोय झाली असती. पण त्याचा निम्मा पसारा आजींच्या काचेच्या खोलीवर झुकलेला. दुखणं माहीत नसताना झाड कोसळलं तर गोष्ट वेगळी. माहीत असून हात बांधून बसलात आणि ते शेजाऱ्याच्या डोक्यावर आलं, तर इथे निष्काळजीपणाचा दावा सरळ मालकावर येतो. आणि आमच्या बाबतीत तर शेजाऱ्यांनीच आम्हाला सांगितलेलं! सबब सांगायला जागाच नव्हती.

लेलँडाय कापायला आमच्याकडे एक मुलगा येतो. सोमवार ते शुक्रवार तो झाडांची कामं करणाऱ्या एका कंपनीत दोरावर चढणारा म्हणून नोकरीला असतो आणि शनिवारी स्वतःची व्हॅन घेऊन बाहेरची कामं करतो, रोखीने. असा एखादा शनिवारचा माणूस प्रत्येकाकडे असतो. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या वेळी पंक्तीत विषय निघाला, तर वरणभात संपायच्या आत फोनमध्ये तीन-चार नंबर जमा. "अगं, आमचा तर काउन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) कंत्राटदाराकडेच आहे, शनिवारी निम्म्यात करतो," हे तर बहुतेक सगळ्यांचंच.

या शनिवारच्या मुलाचा हात चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. कुंपण असं कापतो की ओळंबा लावून घ्यावा. झाडावर चढून माणसाची सुटका करण्याचा आणि दोरावर लटकून करवत चालवण्याचा असे दोन दाखले इथे मानाचे. या धंद्यातली माणसं त्यांना अजून जुन्या नावांनी, सीएस ३८ आणि सीएस ३९ म्हणतात. ते दोन्ही त्याच्या पाकिटात आहेत. ॲशकडे खालून एकदा बघून तो म्हणाला, शनिवारी मित्राला घेऊन येतो, सहाशे पाउंड, फांद्या घेऊन जाईन, काउन्सिलला विचारायची गरज नाही, झाड मेलेलंच आहे.

मग कंपन्यांना बोलावलं. एकाने रस्त्यावरूनच गाडीची काच खाली करून आकडा सांगितला, त्याला तिथूनच निरोप दिला. दुसऱ्या कंपनीचा माणूस मात्र आला आणि त्याने मला आवडेल असं वागायला सुरुवात केली, म्हणजे आधी वर बघितलंच नाही. थेट बुंध्याशी बसला. गवत बाजूला करून मुळांच्या वळ्या पाहिल्या, बुरशीच्या छत्र्या उगवल्यात का ते पाहिलं, प्लॅस्टिकच्या हातोडीने खोडाभोवती ठोकत ठोकत फिरला. मातीच्या भांड्याला चीर आहे का ते आई वाजवून बघायची, तसं. एका बाजूला आवाज बद्द आला. तिथे तो पुन्हा दोनदा ठोकून आला. मग दुर्बिणीने शेंडा न्याहाळला, ढोल्या आहेत का, सुतारपक्ष्याची भोकं आहेत का हे पाहिलं, कारण त्यात वटवाघळं असली तर सगळंच काम अडतं, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. आणि शेवटी टेप काढून घराच्या बाजूच्या बोळाची रुंदी मोजली. बोळ कशाला मोजतोय ते कळेना.

"यावर आमचा कोणी चढणार नाही," तो म्हणाला. डायबॅक झालेल्या ॲशचं लाकूड ठिसूळ होतं. निरोगी फांदी वजन आलं की आधी वाकते, कुरकुरते, माणसाला इशारा देते. ही देत नाही, एकदम तुटते. आणि चढणारा आपला दोर जिच्यावर टाकतो ती फांदीच अशी असेल तर कितीही पट्टीचा चढणारा काय करणार? म्हणून बोळातून आत शिरेल एवढं चिंचोळं, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं यंत्र आणायचं, ते बागेत चार पाय पसरून उभं राहतं आणि त्याच्या पाळण्यात बसून माणूस झाडाला न टेकता कापत येतो. पंधराशे पाउंड, वर २० टक्के व्हॅट. म्हणजे अठराशे.

"तिप्पट!" नवरा म्हणाला. गणित बरोबर होतं.

त्या रात्री मी वेंगुर्ल्याला फोन केला. पैशांचा आकडा ऐकून बाबा हसले, "हयसून पाडेली धाडू काय?" मग दोघंही जरा गप्प झालो, कारण आमच्या घरात पाडेली म्हटलं की एकच माणूस आठवतो. मी शाळेत असताना आमच्या वाडीतला नारळ पाडणारा माडावरून पडला. कमरेतून गेला. त्याच्या पायाला दोरीचा फास आणि कमरेला कोयता, याहून जास्त साधन त्याच्याकडे कधीच नव्हतं. आजोबांनी दवाखान्याचा खर्च केला, घरी तांदूळ पाठवले, आणि ते केलं हे आमच्याकडे फार मोठेपणाने सांगितलं जायचं. त्याची बायको मात्र नंतर आयुष्यभर दुसऱ्यांच्या परसात राबली. आता नारळ विकास मंडळाने चढणाऱ्यांना शिडीयंत्राचं प्रशिक्षण आणि 'केरा सुरक्षा' नावाचा विमा आणलाय. तेव्हा काही नव्हतं.

म्हणून पुढच्या शनिवारी मुलाला मी दुसरं काही विचारण्याआधी हेच विचारलं: वर तुला काही झालं तर खाली उतरवणार कोण? तो म्हणाला, मित्र असेल ना. मित्राला चढता येतं? नाही, तो फांद्या ओढायला. इथल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांप्रमाणे झाडावर चढायच्या कामाला किमान दोघं लागतात, आणि खालच्याला वर चढून जखमी माणूस उतरवता आला पाहिजे, त्यासाठीची साधनं तिथेच तयार हवीत. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शुक्रवारपर्यंत तो तसंच वागतो. दोर-हार्नेसची दर ६ महिन्यांनी तपासणी होते, तीसुद्धा कंपनीच्या सामानाची. शनिवारचा दोर कोणता, असं विचारल्यावर तो व्हॅनकडे बघत राहिला.

आणि विमा? "कंपनीचा आहे," तो म्हणाला. पण तो कंपनीच्या कामाला. मालकाला न सांगता केलेल्या कामात ओंडका आजींच्या काचांवर गेला, तर कंपनीची विमावाली माणसं आम्हाला दारात उभंसुद्धा करणार नाहीत. मग भरपाई कोण देणार? तो की मी? आणि तो स्वतःच पडला तर? घरात येऊन हे सगळं सांगितलं, तर नवरा म्हणाला, "तुला झाड काढायचंय की त्याचा विमा काढायचाय?"

खरं म्हणजे दोन्ही. सहाशे आणि अठराशेमधला फरक हाताच्या कसबाचा नव्हताच, कसब दोन्हीकडे सारखंच होतं, किंबहुना चढण्यात हा मुलगा त्यांच्या एखाद्याला भारी पडला असता. वरचे बाराशे होते ते व्हॅटचे, यंत्राचे, खाली उभ्या असणाऱ्या जाणत्या माणसाचे, विम्याच्या हप्त्याचे आणि 'चढायचं नाही' असं म्हणू शकणाऱ्या अनुभवाचे. शनिवारच्या माणसाला नाही म्हणणं परवडत नाही, त्याचा दिवस बुडतो.

परवानगीचं प्रकरण तर मुलाने एका वाक्यात उडवून लावलं होतं. आमची गल्ली कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात येते. तिथे जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर झाडाला हात लावण्याआधी काउन्सिलला ६ आठवड्यांची लेखी सूचना द्यावी लागते. टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट, १९९० चं कलम २११. मेलेल्या झाडाला सूट आहे हे खरं, पण तिथेही ५ कामाचे दिवस आधी कळवायचं असतं, आणि झाड मेलेलंच होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. आमचं तर अर्धं हिरवं होतं. चुकलं तर इंग्लंडमध्ये दंडाला वरची मर्यादा नाही, आणि तो फक्त करवत चालवणाऱ्याला नाही, ज्याने कापायला लावलं त्यालाही होतो. म्हणजे मला.

गंमत म्हणजे ही सूचना देणं फुकट आहे. कंपनीनेच ऑनलाइन फॉर्म भरला, बागेचा नकाशा आणि डागांचे फोटो जोडले. काउन्सिलने ६ आठवड्यांत एकतर त्या झाडाला खास संरक्षणाचा हुकूम काढायचा, नाहीतर गप्प बसायचं. गप्प बसले की आपण मोकळे. आमच्याकडे चक्क पत्र आलं, हरकत नाही म्हणून. भावाला पुण्यात हे सांगितलं तर तो म्हणाला, यात नवीन काय, आपल्याकडे १९७५ च्या कायद्याने स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. लागते, बरोबर आहे. पण त्याच्याच सोसायटीतला गुलमोहर एका रविवारी दोघांनी कोयत्याने भुंडा केला आणि संध्याकाळपर्यंत पाचोळासुद्धा उरला नव्हता, हे त्याने फोनवर सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं.

भुंडं करण्यावरून आठवलं. आमच्या कोपऱ्यावरच्या घरात एक सिकमोर आहे. दारावर टकटक करून 'तुमचं झाड फार वाढलंय' म्हणणारी टोळी त्यांच्याकडे आली होती, तिने वरचा सगळा घेर सरसकट कापून टाकला. उजेड आला म्हणून घरचे खूश. दोन-तीन वर्षांत त्या कापलेल्या टोकांवर काठ्यांचे भारे फुटले, सरळ वर जाणारे, पहिल्यापेक्षा दाट. आता उजेड तर गेलाच, पण या नव्या फांद्या मुळच्या फांदीसारख्या आतून जुळलेल्या नसतात, सालीखालच्या कोवळ्या थरातून फुटलेल्या असतात. वजन आलं की उपटून येतात. आत मोठ्या जखमांतून पाणी मुरून कुजतं ते वेगळंच. झाडकामाचं ब्रिटिश मानक आहे, बीएस ३९९८, सध्याची आवृत्ती २०१० ची. त्यात शेंडे असे छाटणं बसत नाही. घेर कमी करायचा तर प्रत्येक फांदी मागे तिच्याच उपफांदीपाशी नेऊन कापायची, झाडाचा आकार तोच राहिला पाहिजे. कोणी फोनवर 'टॉपिंग करून देतो' म्हणाला तर मी पुढचं ऐकत नाही.

जखमेवर काही लावायचंही इथे बंद झालंय. आमच्याकडे कलमाची फांदी कापली की बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, फासल्याशिवाय बाबा खाली उतरत नाहीत. झाड बघायला आलेल्या कंपनीच्या माणसाला मी ते सांगितलं. तो म्हणाला, झाड जखम भरून काढत नाही, ती आतून कोंडून टाकतं. आपण वरून लेप लावून ओल मात्र आत कोंडतो. तुमच्याकडे पाऊस आणि बुरशी किती आहे मला माहीत नाही, तुमचे वडील बरोबर असतील, असंही पुढे म्हणाला. हे उत्तर मला फार आवडलं. (बाबांना पहिला अर्धा भाग सांगितला नाही.)

काम ऑक्टोबरात झालं. मार्च ते ऑगस्ट हा घरट्यांचा मोसम, १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्या बाहेरची तारीखच बरी पडते. सकाळी आठला तिघं आले. यंत्र बोळातून आलं तेव्हा दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा उरली होती. बोळ का मोजला ते तेव्हा कळलं. गवतावर फळ्या अंथरून त्यावरून ते पुढे नेलं. मुख्य माणूस पाळण्यात, एक जण खाली दोराशी, तिसरा रस्त्यावर, फांद्यांचा भुगा करणाऱ्या चिपरपाशी. वरच्याने करवत बंद केल्याशिवाय आणि खालच्याने हात वर केल्याशिवाय कोणीही झाडाखाली पाऊल टाकत नव्हतं. मी चहाचे कप घेऊन तिथे जाणार, तर खालच्याने मला पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत परत पाठवलं.

काचेच्या खोलीवरच्या फांद्या त्यांनी आधी घेतल्या. फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या कप्पीतून खाली बुंध्याला बसवलेल्या लोखंडी ड्रमभोवती दोन-तीन वेढे घेऊन खालच्याच्या हातात. वरून काप पडला की फांदी झुलते, खालचा दोर सोडत सोडत तिला अलगद आमच्या गवतावर आणतो. अशा दोन फांद्या छान उतरल्या. तिसरीला करवत जेमतेम अर्धी गेली असेल, तोच सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला आणि ती कापाच्या जागी न तुटता पुढे हातभरावर मोडली. दोर बांधलेला होता म्हणून लोंबत राहिली. पाळण्यातल्याने करवत बंद केली, खाली बघून नुसती मान हलवली आणि पुढची फांदी जास्त छोट्या तुकड्यांत घ्यायला सुरुवात केली. मी आत उभी राहून हिशेब करत होते, की शनिवारी आमच्या मुलाने आपला दोर नेमका कुठल्या फांदीवर टाकला असता.

दुपारी दोनपर्यंत खोड उरलं. ते यंत्रावरूनच वरून खाली गोळे करत आणलं. बुंध्याच्या कापावर मध्यापासून बाहेर तपकिरी, ओलसर डाग पसरला होता, हातोडी जिथे बद्द वाजली होती बरोबर त्या बाजूला. ओंडके आम्ही आजींना दिले. ॲशचं लाकूड चांगलं जळतं, त्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे आणि वर्षभर वाळवायची शिस्तही. चिपरचा भुगा मी ठेवून घेतला, वाफ्यांवर पसरायला. बाकीचं त्यांनी नेलं. नेणाऱ्याकडे कचरा वाहून नेण्याची नोंदणी असावी लागते, तो क्रमांक पावतीवर होता. हे मी मुद्दाम बघितलं, कारण इथे तुमच्या बागेतला पाला कोणी बोगद्याजवळ नेऊन ओतला तर दंड तुमच्याही दारात येतो. शनिवारची माणसं स्वस्त का पडतात, त्याचं थोडं उत्तर रेल्वेच्या कडेला पडलेल्या लेलँडायच्या ढिगांत मिळतं. खुंट दळून काढायचे ते वेगळे पैसे मागत होते, तो आम्ही तसाच ठेवला, जमिनीलगत कापून.

मग शनिवारच्या मुलाचं काय केलं? सोडला मुळीच नाही. त्या कंपनीच्याच माणसाने सफरचंदाकडे बघून सांगितलं होतं, यासाठी आम्हाला पैसे देऊ नका, चांगला हात असलेला कोणीही हिवाळ्यात, पानं गळल्यावर करील. मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या, एका वर्षात फार कापायचं नाही. त्यात चढणंच नाही, तिवईवर उभं राहून होतं. कुंपणाचंही तसंच, फक्त कापलेला पाला मी त्याला नेऊ देत नाही, आमच्याच गार्डन वेस्टच्या बिनात थोडा थोडा जातो. ॲश दुसऱ्यांना दिला याचा त्याला राग आला असेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, यंत्रावरून काढला ना, मग ठीक.

फेब्रुवारीत तो सफरचंद करायला आला, तेव्हा दर वाढवला होता. आता स्वतःचा विमा घेतलाय म्हणे. मी कागद मागितला, त्याने हसत फोनवर दाखवला. बागकामाचा विमा होता, जमिनीपासून ३ मीटर उंचीपर्यंतचा. सफरचंद तेवढ्यात बसतं. लेलँडायचा शेंडा बसत नाही, तो तेवढ्यासाठी आम्ही या उन्हाळ्यात खाली आणणार आहोत.